आठवड्याच्या कापलेल्या फळांसाठी डबा: काच, स्टील, प्लास्टिक की बरणी?

आधी निकाल. घरच्या फ्रीजमध्ये साठवायला काचेचा डबा घ्यावा, बस-रेल्वेतून न्यायला चांगल्या स्टीलचा आणि लहान मुलांच्या दप्तरासाठी प्लास्टिकचा. फिरकीच्या झाकणाची बरणी डाळिंब-द्राक्षांपुरती उत्तम. खणांचा डबा कापलेल्या फळांसाठी घेऊच नये. आणि डबा कितीही भारी असला तरी रविवारी कापलेलं फळ शनिवारपर्यंत न्यायचा हट्ट धरू नये. आठवड्याचे दोन भाग करावेत: रविवारी संध्याकाळी तीन डबे भरायचे, बुधवारी संध्याकाळी तीन. सहाच्या सहा डबे एकदम भरले की गुरुवारपासून पपई आंबूस लागते, सफरचंद काळवंडतं, कलिंगडाच्या फोडी स्वतःच्याच पाण्यात तरंगतात, आणि दोष बिचाऱ्या डब्यावर जातो.

बेळगावात गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ, कुठेही भांड्यांच्या दुकानात गेलं की गिऱ्हाईक आधी काचेची जाडी आणि स्टीलचं वजन बघतं. खरं बघायचं ते झाकण. फळांचा डबा बिघडतो तो नेहमी झाकणाकडून. झाकणाच्या आतल्या खाचेत सिलिकॉनचं रबर असतं. ते चमच्याच्या मागच्या टोकानं सहज निघतं का, हे दुकानातच करून बघावं. चिकटवलेलं रबर असेल तर डबा खाली ठेवावा. अननसाचा आणि आंब्याचा रस त्या खाचेत उतरतो आणि वरून कितीही घासलं तरी तिथेच राहतो. काही दिवसांत रबराखाली काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी, आणि मग नवीन भरलेली फळं लवकर का नासतात याचं उत्तर तिथेच असतं. आठवड्यातून एकदा तरी रबर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावं. बसवताना पीळ पडला तर झाकण लागल्यासारखं दिसतं, पण एका कोपऱ्यातून गळतं.

क्लिपा चारही बाजूंना हव्यात. लांबट डब्याला दोनच क्लिपा असल्या की मधला भाग उचलला जातो आणि रबर दाबलं जात नाही. क्लिपची बिजागरी म्हणजे प्लास्टिकची एक पातळ पट्टी. रोजच्या उघडझापीत पहिली तीच तुटते. वाकवल्यावर ती पट्टी पांढरी पडत असेल तर डबा फार दिवस चालणार नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, पावती हाताशी असताना, ही परीक्षा घ्यावी: डबा पाण्यानं अर्धा भरा, झाकण लावा, बाहेरून कोरडा पुसा, वर्तमानपत्रावर उलटा करून १० मिनिटं ठेवा. मग प्रत्येक बाजूवर आडवा करून हलवा. कागदावर ओल दिसली तर डबा परत करा. वर्तमानपत्राचा उपयोग या परीक्षेपुरताच. फोडी त्यात गुंडाळू नयेत, शाईतले घटक ओल्या फळात उतरतात.

चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथल्या हवेत घट्ट बंद केलेला डबा खाली उतरला की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, झाकण आत खेचलं जातं आणि उघडता उघडत नाही. अशा वेळी झाकणाच्या मधोमध जोर न लावता चारही क्लिपा सोडून एक कोपरा नखानं उचलावा, हवा आत गेली की झाकण सुटतं. उलट प्रवासात, गोव्यात भरून वर येताना, झाकण फुगतं आणि रबर कच्चं असेल तर रस बाहेर ढकलला जातो. त्यामुळे वर येणाऱ्या प्रवासात रसाळ फळ भरायचं टाळावं.

काच

साठवणीसाठी काचेला तोड नाही. आदल्या आठवड्यात त्याच डब्यात लसणाची आमटी ठेवली असली तरी काचेत वास राहत नाही, आंब्या-पपईचा रंग धरत नाही, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. तळाशी रस साचलेला डबा आज संपवायचा, कोरडा दिसतो तो उद्यासाठी, हे झाकण न उघडता ठरवता येतं. झाकण जितक्या कमी वेळा उघडेल तितकं फळ जास्त टिकतं.

दुकानदार बोरोसिलिकेट काच आग्रहानं दाखवतात. ती एकदम तापली किंवा एकदम थंड झाली तरी सहसा तडकत नाही, म्हणून तिला जास्त पैसे. पण फळांचा डबा कधी तापवायचाच नसतो. तो डबा जेवण गरम करायलाही वापरायचा असेल तरच बोरोसिलिकेटला पैसे मोजावेत. नुसत्या फळांसाठी साधी टफन (कडक केलेली) काच पुरते. दोन्ही प्रकारांत काठावरून बोट फिरवून बघावं. काठाचा टवका उडाला असेल तर झाकणाचं रबर नीट बसत नाही, आणि काचेची कणी फोडींत जायची भीती असते. टवका उडालेला डबा घरात ठेवूच नये, डाळी भरायलाही नको.

माप ४०० ते ४५० मिलीलीटर. त्यात साधारण २५० ग्रॅम कापलेलं फळ मोकळेपणानं बसतं आणि वर बोटभर जागा राहते. एका माणसाला एका वेळी एवढं भरपूर होतं. उंच डब्यापेक्षा ५-६ सेंटिमीटर उंचीचा पसरट घ्यावा. उंच डब्यात वरच्या फोडींच्या भारानं खालची पपई चेपते आणि रस सुटायला तिथूनच सुरुवात होते.

काचेचा दोष म्हणजे वजन. रिकामा डबाच पाव ते अर्धा किलो भरतो. खानापूरहून उभ्यानं बसप्रवास करणाऱ्याच्या पाठपिशवीत तो रोज नकोसा होतो, आणि पिशवी आपटली तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून काच घरात ठेवावी.

स्टील

प्रवासाला स्टील. इथे भांडं ३०४ ग्रेडचंच हवं. तळाशी ‘एसएस ३०४’ किंवा ‘१८/८’ असा शिक्का असतो. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, पण त्या परीक्षेवर भिस्त ठेवू नये: हलक्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे चिकटला नाही म्हणजे ३०४ असं होत नाही. शिक्का आणि खात्रीचं दुकान, एवढाच आधार.

ग्रेडचा आग्रह कशासाठी? अननस, संत्रं, लिंबू आंबट, आणि त्यावर चाट मसाला म्हणजे मीठ. आंबट आणि मीठ एकत्र आलं की हलक्या स्टीलवर बारीक खड्डे पडतात, फळाला धातूची चव लागते. ३०४ हे बऱ्यापैकी सोसतं, तरीही मीठ डब्यात घालायचं नाही. चाट मसाल्याची पुडी वेगळी न्यायची. याचं आणखी एक कारण आहे: मीठ असो वा साखर, ती फोडींतलं पाणी बाहेर ओढते. सकाळी भुरभुरलं तर दुपारपर्यंत निम्मा डबा रस आणि निम्मा चोथा.

जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचे जुने डबे आणि कल्हई नसलेली पितळ-तांब्याची भांडी आंबट फळांना अजिबात चालत नाहीत. आपला नेहमीचा पुडाचा डबा भाकरी-भाजीला बरा, पण त्याला रबर नसतं. रसाळ फळ त्यात ठेवलं की पिशवी भिजते. फळांसाठी सिलिकॉनचं रबर आणि क्लिपा असलेलाच स्टीलचा डबा घ्यावा.

स्टीलचा एक गुण फारसा कुणी सांगत नाही. ते चटकन थंड होतं. बर्फाच्या बाटलीला टेकवून ठेवलं की आतल्या फोडींपर्यंत गारवा लवकर पोचतो, प्लास्टिकमधून तो उशिरा पोचतो. मात्र तितक्याच चटकन ते तापतंही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीच्या शेडमध्ये खिडकीत पिशवीशिवाय ठेवलेला स्टीलचा डबा दुपारपर्यंत गरम झालेला असतो. स्टील घ्यायचं तर अस्तराची, गारवा धरणारी पिशवीही घ्यायलाच हवी.

प्लास्टिक, बरणी आणि खणांचा डबा

प्लास्टिक घ्यायचं तर तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेलं. ते पॉलिप्रोपिलीन, अन्नाला योग्य. हलकं, स्वस्त, पडलं तरी फुटत नाही. काचेचा एक डबा येतो तेवढ्यात याचे दोन-तीन येतात. पण आंबा-पपईचा पिवळा रंग त्याला कायमचा बसतो आणि तारेच्या घासणीनं घासलं की बारीक ओरखड्यांत वास मुरतो. ओरखडे दिसू लागले की तो डबा फळांतून काढून सुक्या खाऊला लावावा. लोणच्याचा किंवा आइस्क्रीमचा मोकळा झालेला डबा फळांसाठी वापरू नये. झाकण हवाबंद नसतं आणि लोणच्याचा वास तर जन्माचा.

बरणी सुट्या, कोरड्या, न चेपणाऱ्या फळांसाठी. डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षं, फार तर वर सफरचंदाच्या फोडी. भरताना जड आणि ओलं खाली, हलकं आणि कोरडं वर. पण तोंड अरुंद, चमचा तळापर्यंत जात नाही, आणि पपई भरली तर काढताना तिचा लगदा होतो. जॅमच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून पातळ थर असतो. तो सोलला की आंबट रसानं पत्रा गंजतो, मग ते झाकण टाकून द्यावं.

खणांच्या डब्यात आतले पडदे झाकणाला टेकत नाहीत, मध्ये सुताएवढी फट राहते. डबा आडवा झाला की कलिंगडाचं पाणी द्राक्षांच्या खणात, डाळिंबाचा लाल रंग सफरचंदावर. दुकानात मात्र हाच डबा सगळ्यात आकर्षक दिसतो.

भरायचं कसं

चांगला डबासुद्धा चुकीच्या भरण्यानं वाया जातो. पहिली चूक म्हणजे बाजारातून आणलेलं कोमट फळ तसंच कापून झाकण लावणं. आतली वाफ झाकणाला लागते, थेंब फोडींवर पडतात आणि ओल धरली की नासणं आलंच. फळ अख्खं धुऊन, पुसून, रात्रभर फ्रीजमध्ये गार करावं आणि मग कापावं. याला अपवाद कच्चट आंबा, पपई आणि केळ्याचा. ती बाहेरच पूर्ण पिकवायची. कच्ची असताना थंडी लागली की नंतर नीट पिकत नाहीत, चवही येत नाही.

धुणं वाहत्या पाण्याखाली, साबण नको. कलिंगड आणि खरबुजाची सालसुद्धा चोळून धुवावी, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात, आणि ही फळं आंबट नसल्यानं तिथे ते वाढतात. जानेवारी ते मार्च अथणी भागातली द्राक्षं येतात. ती १ लिटर पाण्यात २ चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून १२-१५ मिनिटं बुडवावी, मग साध्या पाण्यानं दोनदा धुवावी. वरवरची फवारणी बरीच निघते, सालीत मुरलेली निघत नाही. द्राक्षं कातरीनं बारीक देठासकट सुटी करावी. देठ ओढून काढला की तिथे भोक पडतं आणि तिथूनच ती मऊ होतात. सुती कपड्यावर पसरून पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घालू नये.

रविवारच्या तीन डब्यांचं माप असं: साधारण १ किलोचं एक अननस, २५० ग्रॅमचं एक भगवं डाळिंब, दीडशे ग्रॅम द्राक्षं. अननसाची साल, डोळे आणि मधला दांडा गेल्यावर निम्माच भाग हाती लागतो, डाळिंबाचेही दाणे निम्म्याहून थोडे जास्त. एकूण पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे प्रत्येक डब्यात पाव किलो. शिरसी-बनवासीकडचं पिकलं अननस असेल तर साखरेची आठवणही होत नाही. अननस आंबट असल्यानं कापूनही ३-४ दिवस धड राहतं, डाळिंबाचे दाणे ५ दिवस, अख्खी द्राक्षं त्याहून जास्त. डब्याच्या तळाशी पांढऱ्या टिश्यूची घडी ठेवावी, वर अननस, मग द्राक्षं, सगळ्यात वर डाळिंब. दुसऱ्या दिवशी भिजलेला टिश्यू बदलावा.

बुधवारी अर्धी पपई, दोन पेरू, एक संत्रं. पपईच्या फोडी ३ सेंटिमीटरच्या, त्याहून बारीक नकोत. जितके काप जास्त तितका रस जास्त सुटतो. पपई दोन दिवसांची सोबतीण, म्हणून ती गुरुवार-शुक्रवारच्या डब्यांत. शनिवारच्या डब्यात पेरू आणि संत्रं.

सफरचंद, पेरू, पेअर कापल्यावर काळवंडतात ते हवेमुळे. कापलेल्या पेशींतलं एक विकर (एन्झाइम) हवेशी मिळून तो रंग तयार करतं, आणि आंबटपणा त्याला आवर घालतो. २५० मिलीलीटर पाण्यात १ चहाचा चमचा लिंबाचा रस, फोडी ३ ते ५ मिनिटं बुडवून, निथळून, कपड्यावर कोरड्या करून डब्यात. लिंबाची चव नको असेल तर १ लिटर गार पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, ५ मिनिटं, आणि मग साध्या पाण्यातून काढावं. या दोन्हींत कोरडं करण्याची पायरी गाळली तर सगळी मेहनत पाण्यात. इतकं करूनही सफरचंद तिसऱ्या दिवसापुढे नेऊ नये.

कलिंगड, खरबूज एकटे ठेवावेत, मोठ्या फोडींत, ३ दिवसांच्या आत संपवावेत. धारवाडी हापूसच्या दिवसांत आंबा दोन दिवसांपुरताच कापावा. केळं आणि चिकू आदल्या दिवशीसुद्धा कापू नयेत, जवारी (गावठी) केळं सालीसकट पिशवीत टाकावं. जांबोटीकडची जांभळं आणि करवंदं अख्खीच, वेगळ्या लहान डब्यात, नाहीतर सगळा डबा जांभळा होतो. दह्यात फळं आवडत असतील तर दही वेगळं न्यावं. ताजं अननस, पपई किंवा किवी दह्यात काही तास राहिलं की दही कडू होतं, त्या फळांतले रस दुधातली प्रथिनं मोडतात.

थंडावा

फ्रीज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा. दारातला कप्पा सगळ्यात गरम, तिथे फळांचे डबे ठेवू नयेत. वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवावेत, पण मागच्या भिंतीला टेकवू नयेत, तिथे फोडी गोठतात आणि वितळल्यावर लिबलिबीत होतात. उन्हाळ्यात लाईट गेली की फ्रीज उघडूच नये. दार बंद असेल तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो. त्याहून जास्त वेळ लाईट नसेल तर पपई, कलिंगड, खरबूज टाकून द्यावं. अननस-डाळिंबाचा डबाही पुढे साठवू नये.

कापलेलं फळ थंडाव्याबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. सकाळी ८ ला निघून दुपारी १ ला जेवणाऱ्यासाठी हा हिशेब उघड आहे: बर्फाशिवाय डबा न्यायचा नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पाऊण भरून रात्री गोठवावी, पूर्ण भरली तर बर्फ फुगून बाटली फाटते. ती कपड्यात गुंडाळून अस्तराच्या पिशवीत डब्याला चिकटून ठेवावी. दुपारी तेच गार पाणी प्यायला होतं. ही सोय होणार नसेल त्या दिवशी अख्खा पेरू, केळं किंवा धुतलेली द्राक्षं न्यावीत. कापलेल्या पपईच्या डब्यापेक्षा ते केव्हाही बरं.

एका माणसासाठी खरेदी अशी करावी: ४५० मिलीलीटरचे तीन काचेचे डबे, तेवढ्याच मापाचा रबर-क्लिपांचा एक स्टीलचा, आणि अस्तराची पिशवी. सकाळी त्या दिवसाचा वाटा काचेतून स्टीलमध्ये काढायचा, रिकामी काच लगेच धुवायची. घेतानाच दुकानदाराला सुटं रबर मिळतं का विचारावं. डबा वर्षानुवर्षं टिकतो, रबर त्याआधीच सैल पडतं, आणि जिथे रबर सुटं मिळत नाही तिथून डबा घेण्यात अर्थ नाही.